चोवीस हाका

शलमोन उजागरे सकाळच्या एसटीनं नगरहून मिरजगावला उतरला, तो हसतच. शेजारच्या बाईनं सगळ्या प्रवासात मांडीवर एक कोंबडी धरली होती आणि दर गतिरोधकाला ती कोंबडी मान वळवून त्याच्याकडं रागानं पाहत होती. बावन्नाव्या वर्षी आपल्याकडं कुणी इतकं निरखून पाहतं म्हणजे थोडंथोडकं नव्हे, असं त्याच्या मनात आलं.

मुलींची शाळा हमरस्त्यापासून जरा उंचावर होती. मागं ज्वारीचं रान, समोर पटांगण. फाटकातच मुख्याध्यापिका राजनंदिनी शेवाळे उभ्या होत्या.

"सर, संगणक चोवीसच्या चोवीस आले! पुण्याच्या एका कंपनीनं दिलेत. वापरलेले आहेत, पण ठणठणीत आहेत म्हणे."

"बघू की," शलमोन म्हणाला. कौतुक आधी झालं की त्याला धास्तीच वाटायची.

संगणक जोडून चालू करून देणं हाच शलमोनचा धंदा. काम सोपं होतं आणि वेळ कमी होता. सोमवारी संगणक टायपिंगची परीक्षा. आज, शनिवारी, संध्याकाळी पाचला परीक्षेचे अधिकारी पाहणीला येणार. चोवीसही संगणक चालू दिसले तर केंद्र मिरजगावला, नाहीतर मागच्या वर्षीसारखं कर्जतला.

"मागच्या वर्षी बावीस मुलींनी फॉर्म भरला," राजनंदिनीबाई म्हणाल्या. "कर्जतला जायचं म्हटल्यावर घरच्यांनी सोळा जणींना पाठवलंच नाही. यंदा चोवीस जणी आहेत, सर. एकही सोडायची नाही मला."

संगणकांची खोली लांबट होती. टेबलांवर संगणक ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर हळदकुंकवाचं बोट आणि भोवती झेंडूची माळ. शाळेच्या शिपाई छबूबाई अजून एका संगणकाला माळ घालत होत्या.

"मावशी, माळा नंतर घातल्या असत्या तर चाललं असतं," शलमोन भीत भीत म्हणाला.

"घरात आल्याआल्याच घालायची असती. नव्या नवरीला काय आठवड्यानं ओवाळत्यात?"

त्याला हसू आलं. माळांना त्यानं हात लावला नाही.

एकेका संगणकात पेनड्राइव्ह घालून सिस्टीम भरायची तर दोन दिवस गेले असते. शलमोनची रीत वेगळी होती. सगळे संगणक तारांनी एका पेटीला, म्हणजे स्विचला जोडायचे, आणि त्याच स्विचला आपला लॅपटॉप. कोरा संगणक सुरू झाला की तारेवर हाक मारतो: कुणी आहे का, मला पत्ता द्या, मला सिस्टीम द्या. लॅपटॉप ओ देतो आणि सगळं सामान तारेवरून पाठवतो. चोवीस जणांना एकदम.

"म्हंजी लेकरू रडलं की आईनं उठायचं," छबूबाई म्हणाल्या.

"तसंच, मावशी."

"चोवीस लेकरं आन् आई एकच? लई हाल हुतील बिचारीचे."

हाल झाले ते शलमोनचे. त्यानं संगणक सुरू केले. काळ्या पडद्यांवर पांढरी अक्षरं आली, ठिपके सरकले, आणि चोवीसही पडदे एकच गोष्ट सांगून गप्प झाले: उत्तर नाही. पुन्हा सुरू केले. उत्तर नाही. त्यानं तारा बदलल्या, लॅपटॉपवरची प्रत्येक नोंद दोनदा वाचली. चूक आपलीच असणार याबद्दल त्याला शंका नव्हती. फक्त ती सापडत नव्हती.

दीड वाजता सापडली. चूक त्याची नव्हतीच, स्विचची होती. कुठलीही तार जागी झाली की स्विच अर्धा मिनिट तिची चौकशी करत बसायचा आणि मग वाट मोकळी करायचा. तोवर संगणक हाका मारून दमलेला असायचा.

"सासऱ्यासारका हाय म्हना की," छबूबाई म्हणाल्या. "आत घ्यायच्या आधी कुनाची कोन, सगळं इचारनार."

शलमोन खळखळून हसला. चौकशी बंद करण्याची सोय स्विचमध्ये होती, ती त्यानं केली. मग पटांगणातल्या लिंबाखाली बसून राजनंदिनीबाईंसह तिघांनी डबे खाल्ले. छबूबाईंच्या भाकरीपुढं आपल्या डब्यातली पोळी त्याला अगदी शहरी वाटली.

अडीचला तो परत खोलीत आला. काम बिनधोक व्हावं म्हणून लॅपटॉप एकदा बंद करून सुरू करावा, असं त्यानं ठरवलं. लॅपटॉपचा पडदा काळा झाला. तेवढ्यात छबूबाईंनी फडका मारता मारता नऊ नंबरच्या संगणकाचं बटण दाबलं.

संगणकानं हाक मारली. उत्तर आलं.

शलमोन वाकून पाहू लागला. संगणकाला पत्ता मिळाला होता. लॅपटॉप अजून जागा झाला नव्हता, आणि झाला असता तरी त्याच्याकडच्या पत्त्यांत हा पत्ता नव्हता.

यात भिण्यासारखं काही नाही, हे त्याला ठाऊक होतं. शाळेत कुठंतरी दुसरं यंत्र असतं, ऑफिसचं राउटर वगैरे, आणि ते मध्येच बोलतं. पंचवीस वर्षांत हे त्यानं दहा वेळा पाहिलं होतं. त्यानं ऑफिसमधलं राउटर बंद केलं. बाहेरून येणारी तार काढली. आता खोलीत एक स्विच, चोवीस संगणक आणि लॅपटॉप, एवढंच उरलं.

नऊ नंबर बंद करून परत सुरू केला. उत्तर आलं, आणि आता ते हाकेच्या आधीच तयार असल्यासारखं आलं.

त्यानं लॅपटॉपची तार काढून हातात धरली.

"मावशी, सगळे सुरू करा."

छबूबाई या टोकाकडून त्या टोकाकडं बटणं दाबत गेल्या. चोवीस पडदे उजळले. चोवीस जणांना पत्ता मिळाला. मग निळा पडदा आला, त्यावर शाळेचं नाव आलं, आणि सामान उतरू लागलं. एक टक्का. दोन टक्के.

शाळेचं नाव घातलेला तो पडदा शलमोननं काल नगरला, घरी बसून तयार केला होता. तो फक्त लॅपटॉपमध्ये होता. लॅपटॉपची तार त्याच्या हातात होती.

"झालं की सुरू!" छबूबाई म्हणाल्या. "मग आसं तोंड का केलंय?"

त्यानं सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवंच होतं. छबूबाईंनी फडका झटकला आणि स्टुलावर बसल्या.

"आमच्याकडं दुपारच्या पारी रानात कुनी नाव घेऊन हाक मारली, तर पहिलीला ओ देत न्हाईत. दुसरीला बी न्हाई. तिसरी आली तर मानूस."

"आणि नाही आली तर?"

"न्हाई आली तर न्हाई आली. आपन खुरपत ऱ्हायाचं."

शलमोनला हसावं की नाही कळेना.

"पन हितं तर उलटं झालंय," त्या विचार करून म्हणाल्या. "हाक आपन मारलीया, सायेब. चोवीस तोंडांनी, सकाळपासनं. आला कुनीतरी. त्यात त्याची काय चूक हाय?"

त्या उठल्या, बाहेर गेल्या, आणि तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. बोलावलेल्याला गूळपाणी द्यावं, तसं त्यांनी ते स्विचशेजारच्या रिकाम्या स्टुलावर ठेवलं. पदर सारखा केला.

"दमून आला आसंल," त्या म्हणाल्या.

सव्वातीन. एकतीस टक्के.

शलमोन ओळीतून फिरला. इतकी वर्षं त्यानं हे काम केलं होतं. चोवीस संगणकांत एखादा तरी मागं रेंगाळतोच, एखादा तरी पुढं पळतो. इथं सगळ्यांचे आकडे एकाच क्षणी बदलत होते. खोली थंड नव्हती, अंधारी नव्हती. खिडकीतून ज्वारीवरचं ऊन आत आलं होतं आणि झेंडूचा वास सुटला होता. उलट खोलीत बरं वाटत होतं, पाहुणे भरलेल्या घरासारखं. तेच त्याला सहन होईना.

त्यानं हिशोब केला. आता हे थांबवून, स्विच बदलून, आपल्या लॅपटॉपवरून सुरुवात केली तर दीड तास लागेल. तरी पाचच्या आत होईल. पण मग आत्ताच ठरवायला हवं.

त्यानं स्विचच्या प्लगला हात घातला.

दारात राजनंदिनीबाई आल्या. त्यांच्या मागं पाच-सहा मुली, हात रांगोळीनं माखलेले. सगळ्यांनी एकदम आत डोकावून पडदे पाहिले आणि निळ्या उजेडात त्यांचे चेहरे फुलले.

"शाळेचं नाव!" एक जण ओरडली. "मॅडम, आपल्या शाळेचं नाव!"

"सर," राजनंदिनीबाई म्हणाल्या, "चाललंय ना?"

चोवीस जणी, एकही सोडायची नाही. समजा आपण बंद केलं, आणि आपल्या लॅपटॉपला सकाळसारखंच कुणी ऐकलं नाही तर?

शलमोननं प्लगवरून हात काढला.

"चाललंय," तो म्हणाला.

अधिकारी पाचला पाच मिनिटं कमी असताना आले. शिस्तीचे होते. प्रत्येक संगणकापुढं बसले, प्रत्येकावर दोन ओळी टाइप केल्या, साठवल्या, बंद केल्या, उघडून पुन्हा पाहिल्या. चोवीस वेळा. मग चष्मा काढला.

"इतकी नीट व्यवस्था मी जिल्ह्याच्या ठिकाणीही पाहिली नाही," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मुलींनी जो गलका केला तो हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही ऐकू गेला असेल. एकीनं घंटाच वाजवली. छबूबाईंनी राजनंदिनीबाईंचे हात धरले आणि पटांगणात फुगडी सुरू केली. मुख्याध्यापिका आधी "अहो मावशी, अहो मावशी" म्हणत होत्या, मग त्यांनीच वेग वाढवला. मुलींनी शलमोनलाही ओढलं. त्याचा चष्मा पडला, कुणीतरी झेलला. इतका आनंद त्याला पोरीच्या लग्नानंतर झाला नव्हता.

निघताना त्यानं लॅपटॉपवरची नोंद पाहिली. दिवसभरात पाठवलेलं सामान: शून्य.

रविवारी तो चर्चमध्ये बसला, पण प्रवचनाकडं त्याचं लक्ष नव्हतं. हे कुणाला सांगावं का? सांगितलं तर केंद्र जाईल. आणि सांगणार काय? की सगळं चांगलं झालं?

सोमवारी पेपरच्या वेळी कुणी जाणकार जवळ असावा म्हणून तो पुन्हा मिरजगावला गेला. दहा वाजता पेपर सुरू झाला. चोवीस खुर्च्या, चोवीस मुली. बटणांचा आवाज असा येत होता, जणू ज्वारीवर पाखरांचा थवा उतरलाय. राजनंदिनीबाई दाराशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

साडेदहाला कुरियरचा टेम्पो आला. एक जड खोकं होतं, पुण्याच्या त्या कंपनीकडून. व्हरांड्यात शलमोननं ते उघडलं. वर पत्र होतं.

आमच्या नियमाप्रमाणे संगणक देण्यापूर्वी आतल्या सर्व डिस्क काढून घेतल्या होत्या. चोवीस नव्या डिस्क सोबत पाठवत आहोत. त्या बसवल्याशिवाय संगणकांवर काहीही साठवता येणार नाही. उशीर झाल्याबद्दल क्षमस्व.

त्यानं डिस्क मोजल्या. चोवीस होत्या, सीलबंद.

"काय आहे, सर?" राजनंदिनीबाईंनी हळूच विचारलं.

"जादाचं सामान आहे. कपाटात ठेवू."

मग तो चपला काढून आत गेला. नऊ नंबरपाशी सृष्टी नावाची मुलगी बसली होती, जीभ दातांत धरून टाइप करत होती. तो तिच्या संगणकामागं गुडघ्यांवर बसला आणि मोबाइलचा उजेड जाळीतून आत टाकला.

डिस्कचा खण रिकामा होता. तार नुसतीच लोंबत होती. खणात धुळीचा सपाट थर होता.

वर सृष्टीनं शेवटचं बटण दाबलं, दोन्ही हात हवेत उंचावले, आणि वळून त्याच्याकडं पाहून हसली. तोही हसला.

पडद्यावर अक्षरं आली: जतन झाले.