सात नंबरचा कंटेनर

"आणखी खोल खण, विन्को! कोल्हे उकरतील!" नेवेंकाची मैत्रीण यागोदा ओरडली.

नेवेंका मेलेल्या गारोचं काळं, केसाळ डोकं मांडीवर घेऊन बसली होती. भूकंपात घर कोसळलं, तेव्हा याच कुत्र्यानं आजीला ढिगाऱ्याखाली हुंगून शोधलं होतं. त्यानंतर सगळं गाव मालाच्या लोखंडी कंटेनरमध्ये राहायला आलं. आजी आणि नेवेंका सात नंबरमध्ये.

"विष खाल्लं असणार गं," तिचा चुलतभाऊ विन्को पुटपुटला.

"विषानं पंजा भाजतो का रे?" नेवेंकानं पंजा उलटा केला. त्यावर काळा डाग होता!

यागोदाचे डोळे विस्फारले. "परवा पावसात तुमच्या दाराला हात लावला, तर मुंग्या आल्या मला! तू हसलीस!"

"कुणी काही शिवू नका!" नेवेंका ताडकन उठली. "ल्येर्कामावशींना बोलवा!"

ल्येर्कामावशींनी तीस वर्षं जहाजांत वायरिंग केलं होतं. रबरी बूट घालूनच त्या आल्या. टेस्टर सात नंबरच्या भिंतीला टेकवला आणि त्यातला दिवा लागला! सातचा मेन स्विच पाडून त्यांनी आतला बोर्ड उघडला.

"पत्र्याला भोक पाडलं, पण वायरभोवती रबरी कडी नाही बसवली. धारेनं वायर कापली गेली. आणि ही अर्थिंगची वायर कशालाच जोडलेली नाही! सगळ्या डब्यात वीज उतरली होती, पोरांनो."

वायरिंगचा ठेकेदार द्राझेन येईतो सारी वस्ती जमली.

"उंदरानं कुरतडली असेल वायर!" तो हसला. "कुत्रं मोकाट होतं. कुठंतरी काहीतरी खाऊन आलं!"

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. नेवेंका गर्दीतून वाट काढत समोर आली. आता बोललं तर सगळ्यांना कळणार होतं.

"मोकाट नव्हता तो," ती म्हणाली. "आम्ही नदीवर निघालो, तर मागे येत होता. म्हणून मीच त्याला आमच्या लोखंडी पायरीला बांधलं. साखळीनं."



विन्को पुढे झाला. "काका, आठ नंबरचं कामही तुमचंच ना? बूट काढा, ओल्या गवतात उभे राहा आणि त्याच्या भिंतीला हात लावून दाखवा!"

"त्यात काय मोठंसं!" द्राझेननं हात उचलला. तो भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबला आणि मुकाट्यानं खिशात गेला.

"लावा की!" मावशी कडाडल्या. "आठची वीज मी मघाशीच तोडलीय. पोरांना ठाऊक होतं. तुला स्वतःच्या कामाची खात्री असती, तर लावला असतास!"

द्राझेन मान खाली घालून उभा राहिला. संध्याकाळपर्यंत सगळ्या कंटेनरची वीज बंद झाली. नगरपालिकेच्या बाईंनी नवं वायरिंग मावशींच्या देखरेखीखाली करायचं ठरवलं आणि मुलांची पाठ थोपटली. "बत्तीस घरं वाचवलीत रे! शाब्बास!"

नेवेंका तिथून निघून गारोच्या ताज्या मातीपाशी जाऊन बसली. मागोमाग आजी आली.

"आजी, आम्ही परत आलो तेव्हा साखळी नव्हती त्याच्या गळ्यात."

"मी काढली गं. त्या साखळीचाच फास बसला असं वाटलं मला. पायांत रबरी बूट होते, म्हणून वाचले." आजीचा आवाज फुटला. "तुला वाटू नये, तुझ्यामुळे गेला असं."

नेवेंकानं तिच्या कुशीत तोंड खुपसलं आणि दिवसभरात पहिल्यांदाच ती मोठमोठ्यानं रडली.