मुर्रीतली ओहोटी

दुलारीच्या खाटेसमोर काचेची टाकी ठेवायची म्हणून कुंजीलाल पटल्यांनी टीव्ही उचलून आतल्या खोलीत नेला. तसंही तो कुणी पाहत नव्हतं. लकव्यानं उजवं अंग गेल्यापासून दुलारी नुसती भिंत बघत पडून असायची.

तिला समुद्र पाहायचा होता. लग्न होऊन गोंदियाजवळच्या मुर्रीत आली तेव्हापासून पाहायचा होता. कुंजीलाल रेल्वेत, दरेकसा स्टेशनावर; दरवर्षी दोघांचा फुकट पास मिळायचा. पुरीला जायचं ‘पुढच्या साली’ ठरायचं, आणि पास कुणाच्या तरी लग्नात संपायचा. ते निवृत्त झाले, त्याच वर्षी तिचं अंग गेलं. मग पुरीचं नाव घरात कुणी काढलं नाही.

म्हणून ही टाकी. गोंदियात मासे विकणाऱ्या टेकचंदकडची, जुनी, ओरखड्यांची. नवी परवडणारी नव्हती. समुद्री मीठ पाकिटातून आलं. आरओच्या पाण्यात ते विरघळवून कुंजीलाल खारेपणा मोजायचा काटा पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवून बघत बसले. तळाला पांढरी वाळू, तिच्यावर सुके समुद्री दगड.

"काका, महिनाभर मच्छी मत डालो," टेकचंदनं बजावलं. "पहले पानी पकने दो. घाई केली का सब मरते."

महिना थांबून त्यांनी केशरी पट्ट्यांचे दोन मासे आणले. दुलारीनं बराच वेळ पाहिलं.

"समुद्र इतकूसाच रायते?"

त्यांनी फडक्यानं काच पुसायला घेतली.

आठवड्याभरानं एका सकाळी पाणी चार बोटं उतरलेलं दिसलं. गळती असेल म्हणून त्यांनी टाकीखाली वर्तमानपत्र घातलं. ते कोरडंच राहिलं, आणि दुपारपर्यंत टाकी पुन्हा भरली. दुलारीला अंघोळ घालायला शेजारची रुख्मा यायची. तिनं टाकीला हातही लावला नव्हता.

मग त्यांनी काचेवर स्केचपेननं रेघा मारल्या, शेजारी वेळा लिहिल्या. गाड्यांच्या वेळा लिहिण्यात जन्म गेलेला माणूस. पाणी दिवसातून दोनदा उतरायचं, दोनदा चढायचं, आणि रोज पाऊण-एक तास उशिरानं. खारेपणाचा काटा मात्र जागचा हलत नव्हता. टेकचंद फोनवर नुसता हसला.

दुलारीला घड्याळ लागायचं नाही. "उतरून राह्यलं," ती म्हणायची, आणि पाणी उतरायला लागायचं.

एकदा वेणी घालताना रुख्माचा हात थांबला. "काका, काल तर डोकं धुतलं होतं. काकूचे केस असे चिकट काऊन?" तिनं बोट जिभेला लावलं, खारट लागलं तशी वेणी अर्धीच सोडून उठली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

दुलारी आता कुंजीलालांशी बोलेनाशी झाली. घास भरवतानाही नजर काचेवर. भिंत बघायची तेव्हा निदान हाक मारली की वळायची.

"उद्या टाकी वापस देऊन टाकतो," एका दुपारी ते म्हणाले.

"देजा. आज पानी बहुत दूर जाईन."

"कोनं सांगतलं तुले?"

ती काचेकडेच बघत राहिली.

"मग मीही पाहतो. तुझ्यासंग बसतो."

"तुमी कायले?" तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमाले सवड कोठी असते."

ते उठले. स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. दूध उतू गेलं, ते पुसलं. पाच-सात मिनिटं.

परत आले तेव्हा खाट रिकामी होती.

पुढच्या दाराला आतून कडी. मागच्या दाराची वाट स्वयंपाकघरातूनच जाते.

त्यांनी हाक मारली. खाटेखाली वाकून पाहिलं.

मग टाकीकडे पाहिलं.

पाणी नव्हतं. दगडाच्या खाचेत उरलेल्या डबक्यात दोन मासे तडफडत होते.

ओल्या वाळूवर पावलं उमटली होती. तांदळाच्या दाण्याएवढी. कुंजीलालांनी चष्मा लावून काचेला कपाळ टेकलं. पावलं खाटेकडच्या काचेपासून निघून मागच्या काचेकडे गेली होती. दोन्ही पाय सारखे टेकलेले. कुठे थबकणं नाही, कुठे वळून पाहणं नाही.

मागच्या काचेकडून बारीक लाट आली आणि शेवटचं पाऊल पुसून गेली.

मग त्याच्या अलीकडचं.