अर्धा अंगठा

बसा नीट. वीज काही आता तासभर येत नाही. आणि बिनोय, तो मोबाइलचा उजेड बंद कर बघू. ही गोष्ट मोहेंगची आहे, आणि त्यानं ती मला दिवसाउजेडी, भर रस्त्यात सांगितली होती, तरी माझ्या अंगावर काटा आला होता.

मोहेंगला तुम्ही ओळखता. तळ्याच्या धक्क्यावर होड्या रंगवतो तोच. कुणाशी बोलत नाही म्हणून तुम्ही कार्टी त्याला नावं ठेवता. पण पेलाग्यो मास्तरांची शेवटच्या सहा वर्षांतली जी चित्रं मनिलाच्या बड्या लोकांच्या दिवाणखान्यात लागलीत, ती एकूण एक या माणसानं काढलेली आहेत. मास्तरांचं नाव देशभर गाजत होतं, पण हातात कॉफीचा कप धरवत नव्हता. मग मोहेंगनं आपल्या घरी, मागच्या खोलीत चित्र काढायचं. मास्तरांनी दुपारी काठी टेकत यायचं, वेताच्या खुर्चीत बसायचं, शिव्या घालायच्या आणि चित्र पुरं झालं की कोपऱ्यात निळ्या रंगाचा अंगठा उठवायचा. सही त्यांनी कधी केलीच नाही. तरुणपणी होडीच्या इंजिनाच्या पंख्यात उजव्या अंगठ्याचं वरचं अर्धं उडालं होतं. तो अर्धा ठसा साऱ्या जगाला ठाऊक.

एकदा मोहेंग भीतभीत म्हणाला, "मास्तर, एखाद्या चित्राच्या पाठीमागे तरी माझं नाव..."

"गाढवा, ब्रशला नाव असतं का रे?"

माणूस मोठा होता, नाही म्हणत नाही. पण आतून नासका होता.

मास्तर गेले तेव्हा मोहेंगच्या खोलीत जाळी विणणाऱ्या सात कोळणींचं चित्र पुरं होऊन उभं होतं. फक्त कोपरा रिकामा. पुरण्याआधी मयत घरात ठेवून रात्री जागवतात ना, त्यातली चौथी रात्र. आम्ही अंगणात पत्ते कुटत होतो, दाणे खात होतो. मास्तरांची बायको शवपेटीपाशीच मोहेंगला म्हणाली, "सकाळी आठला टेम्पो पाठवते. त्यांच्या अंगठ्याचा रबरी शिक्का करून घेतलाय मी. तू फक्त दार उघडायचं."

मोहेंगचा चेहरा पडला. म्हणजे मेल्यावरही सुटका नाही! त्याच रात्री नाव घातलं तर घातलं, नाहीतर जन्मभर ब्रशच. तो पेटीच्या काचेवर वाकला आणि दात चावून म्हणाला, "चला मास्तर, माझ्या घरी चला. या आणि बघा, ब्रशला नाव असतं की नसतं."

मी खिडकीखालीच पत्ते पिसत होतो. माझ्या या कानांनी ऐकलं. हात जागच्या जागी थांबला माझा.

तो निघाला. मी हाक मारली, "मोहेंग, पेज खाऊन जा रे!" आता तुम्हाला काय सांगायचं? मयताच्या घरून कुणी सरळ घरी जात नाही. वाटेत पेजेच्या गाडीवर टेकायचं, मागे काही आलं असेल ते तिथंच झटकायचं, मग घर गाठायचं. शेंबडं पोरसुद्धा हे पाळतं.

"घाई आहे, दादा," म्हणाला, आणि सरळ घरच्या वाटेला लागला. दोन हजार एकोणीस, चौदा नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं.

त्याच्या बायकोनं, लुदिंगनं, दार उघडलं. "पेज खाल्लीस?"

"नाही."

"मग आत कसा आलास, मेल्या? जा, आधी मागे फिर."

"सर बाजूला. काम आहे."

ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिली. "मोहेंग... दार तू लावलंस?"

त्यानं लावलं नव्हतं.

पण रागात माणसाला कुठं सुचतं! मागच्या खोलीत गेला, दिवा लावला, बारीक ब्रश निळ्यात बुडवला. आणि कोपऱ्यात पुरं नाव घातलं. हेर्मोहेनेस दिमाला. सहा वर्षांत पहिल्यांदा. मला म्हणाला, "दादा, तेव्हा मी पोरासारखा रडलो." खरं असणार ते.

मग मागे खुर्ची करकरली.

वेताची. कुणी बसल्यावर करकरते तशी.

त्यानं वळून पाहिलं नाही. बाहेर कुत्रं भुंकत होतं. ते गप्प झालं. तंबाखूचा वास आला. मास्तरांच्या तंबाखूचा.

"पूस."

...

"पूस म्हणतो ना, गाढवा."

मोहेंग म्हणाला, "नाही." एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा.

काठी टेकली. एकदा. अजून एकदा. अगदी पाठीशी.

दिवा गेला.

त्याचा उजवा हात कुणीतरी धरला. गार. थरथरणारा हात... मग थरथर थांबली. अंगठ्यावर अंगठा आला. दाबला. असा दाबला की मोहेंगला वाटलं, हाड मोडलं.

सकाळी लुदिंगनं दार ढकललं तेव्हा तो जमिनीवर बसलेला. शुद्धीत होता. उजवी मूठ आवळून धरली होती.

आठला टेम्पो आला, मास्तरीणबाईही आल्या, पिशवीत शिक्का घेऊन. कोपरा बघितला. मोहेंगचं नाव गायब. पुसल्याची खूणही नाही. तिथं निळा अंगठा. पण अर्धा नाही... पुरा! खालचं अर्धं मास्तरांचं, ते गाव झोपेतही ओळखेल. वरचं कुणाचं, कुणालाच कळेना.

"हा आमच्या माणसाचा नव्हे," बाई म्हणाल्या. "त्यांचा अर्धा होता. खोटं आहे हे." आणि तशाच परत गेल्या. चित्र अजून मोहेंगकडेच आहे, भिंतीकडे तोंड करून. त्याचं नाही, मास्तरांचंही नाही.

लोक म्हणाले, मोहेंगनंच केलं असेल काहीतरी. मीही तसंच म्हणत होतो.

मग पुढच्या वर्षी मतदार नोंदणी आली. मीच त्याला माझ्या तीनचाकीतून घेऊन गेलो. बाकीची बोटं यंत्रानं घेतली. उजवा अंगठा घेईना. कारकुनानं पुसायला सांगितला. पुसला. तरी नाही. दुसरं यंत्र आणलं, तरी नाही. शेवटी त्यानं चष्मा लावून अंगठा हातात धरला. मीही वाकून बघितलं.

खाली रेषा होत्या. वरचं अर्धं गुळगुळीत... सोललेल्या अंड्यासारखं.

कारकून वैतागला. "राहू दे. नाव सांगा, नाव."

मोहेंगनं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं... आणि स्वतःचं नाव काही येईना. नाव शेवटी मी सांगितलं.