रिकाम्या हौद्यातलं ओझं

गाडी मागायला आलात ना, मग आधी बसा. गाडीवरच्या ताडपत्रीला हात लावू नका. किल्ली माझ्या कमरेला आहे, ती काही पळून जात नाही. आणि तो मोबाइल बंद करा. त्यात गाड्यांची पारख सांगणारा माणूस गाडी आठ दिवस चालवतो आणि तासभर बोलतो. ही गाडी जवळजवळ दोन हजार किलोमीटर चालवली ती तुमच्या सख्ख्या मामाने, माझ्या धाकट्या भावाने. त्याच्यावर काय गुजरलं ते ऐका. तुमच्या आईने तुम्हाला अर्धंच सांगितलं असणार. खोटं वाटलं तर खुशाल उठून जा.

दोन वर्षं झाली. जानेवारीत गाडी आली आणि मामा लहान मूल झाला. रोज रात्री फोन.

"ताई, काय उंच बसतो मी! पुढच्या मोटारीचा टप दिसतो."

"पडू नकोस म्हणजे झालं."

"ताई, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलं नाहीये."

"काढ मेल्या, घामोळं येईल."

"ताई, आणि केबिन इतकी शांत, की काच वर केली की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

हे ऐकून मी फोन ठेवला. का, ते सांगते.

त्याची एकच तक्रार होती. गाडी रिकामी असली की मागून उड्या मारते. मागच्या चाकांवरचे पाटे टनभर वजनासाठी केलेले. मागच्या उघड्या हौद्यात ओझं नसलं की प्रत्येक खड्ड्यात ढुंगण उडवते. आपल्या दुकानाच्या काचा भरल्या की मात्र शहाण्यासारखी चालते. मागे वजन पडलं की नाक जरा वर होतं आणि दिव्यांचा झोत रस्ता सोडून झाडांच्या फांद्यांवर जातो. हे लक्षात ठेवा.

आता तुमचे काका, माझे यजमान. मी काचा कापायची, ते बसवायचे. जुन्या टेम्पोला काचांसाठी चौकट नव्हती. काचा हौद्यात डाव्या बाजूला उभ्या करायच्या, दोर बांधायचा आणि काकांनी दोन्ही हातांनी धरून केबिनमागे उभं राहायचं. मामा चालवायचा. बोलायची सोय नाही, म्हणून टपावर ठोके. दोन ठोके म्हणजे थांब. तीन म्हणजे चल. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक काच निसटली नाही.

मग एक दिवस, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या वळणावर, चौदा काचा त्यांच्या अंगावर आल्या.

मामा सगळ्यांना सांगत राहिला, "ठोका पडलाच नाही. दाजींचा हात सुटला." मला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, सगळ्या काचबाजाराला सांगितलं. सहा वर्षं मी ते ऐकलं. गिऱ्हाईक विचारायचं, "आता धरणारा पक्का आहे ना, बाई?" मी काच कापत राहायची. नवरा गेला ते एक वेळ सोसलं. पण त्यांचा हात सुटला, हे मला पटत नव्हतं. आणि विचारायचं कोणाला? टेम्पोत दोघंच होते.

तर ती रात्र. फेब्रुवारीची नऊ तारीख, शुक्रवार. एका दवाखान्यात काचा पोचवायच्या होत्या. नव्या गाडीला चौकट होती, मागे माणूस लागत नव्हता. मामा एकटाच गेला. काचा उतरवल्या, सही घेतली, दवाखान्यातल्या नर्सने दिलेला चहा प्यायला. दहा चाळीसला निघाला. हौदा रिकामा.

गाडी उड्या मारत होती. मामा वैतागत होता, गाणं गुणगुणत होता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी बर्फाच्या कारखान्याचं वळण आलं. वळून पुढे गेला.

आणि गाडीच्या उड्या थांबल्या.

त्याला वाटलं, रस्ता चांगला लागला असेल. पण खड्डे तर दिसत होते. चाकं त्यात उतरत होती, वर येत होती. मागचा भाग मात्र गप्प. शहाण्यासारखा.

मग दिवे. रस्त्यावरचा झोत हळूहळू वर सरकला. समोर डांबर दिसेना. फांद्या दिसायला लागल्या.

मागे ओझं होतं.

त्याने आरशात पाहिलं. चौकट रिकामी. मागे बघायच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. रस्ता, धूळ. दुसरं काही नाही.

केबिन शांत. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

तेव्हा त्याच्या मनात आलं... की कोणी ठोकत असेल तर?

  मला सांगताना म्हणाला, "ताई, काच खाली करायला एक बोट लागतं. ते बोट उचलत नव्हतं."

त्याने काच खाली केली. वारा आत आला.

आणि टपावर...

ठक. ठक.

...

त्याने ब्रेक दाबला. गाडी बंद केली. खाली उतरला नाही. मान वळवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिसरा ठोका पडेल म्हणून बसून राहिला. तीन पडले तर चल. पडले नाहीत. साडेअकरा. बारा. सव्वाबारा. दोन ठोके म्हणजे थांब, आणि या वेळी तो थांबला होता. मग दार उघडून उतरला आणि गाडी तिथेच टाकून चालत सुटला.

पावणेचारला माझं दार वाजलं. दारात मामा. एका पायात चप्पल नाही.

"ताई, ठोकलं होतं त्यांनी."

"कधी? आत्ता?"

"आत्ता. आणि... तेव्हाही."

मी दाराची कडी धरली. "किती?"

"दोन. मग परत दोन. दोर सैल झाला होता, ताई. काचा पोचवायच्या तिथलं काम साडेसहाला बंद व्हायचं होतं. म्हटलं, वळण गेलं की थांबू."

मी त्याला पाणी दिलं. ओरडले नाही. लोकांना वाटतं मी ओरडले असेन. मी साडी खोचली आणि म्हटलं, "चल."

उजाडताना आम्ही वळणावर पोचलो. गाडी तशीच उभी होती, नाक वर करून. मामा म्हणाला, "मी नाही चालवणार. तीन ठोके पडले नाहीत."

मी हौद्यात चढले. साठी ओलांडलेली बाई, चाकावर पाय देऊन चढले. उजव्या बाजूला उभी राहिले आणि टपावर माझ्या मुठीने तीन ठोके मारले. घरापर्यंत उभीच होते. डावीकडे पाहिलं नाही. तिकडे हातही केला नाही.

त्याच दिवशी काचबाजार उघडल्यावर मामाला अकरा दुकानांच्या पायऱ्यांवर उभं केलं. प्रत्येक ठिकाणी त्याच्या तोंडून वदवून घेतलं, की ठोका पडला होता, मीच थांबलो नाही. शेवटच्या दुकानात त्याचा आवाज बसला, तरी बोलायला लावलं. त्यानंतर त्याने गाडीला हात लावला नाही. मीही कोणाला लावू दिला नाही.

हसतोस काय रे धाकट्या? जा, विजेरी घे. ताडपत्री वर कर आणि मागच्या चाकापाशी बस. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये वीत घालून बघ. आधी उजवीकडे.

"पूर्ण वीत बसली, मावशी."

आता डावीकडे.

...

"बोल ना," थोरला म्हणाला.

"बसत नाही. दोन बोटं कमी आहे."

मिस्त्री तीनदा येऊन गेला. पाटे नवे घातले. चाकांत हवा भरली. जमीन सपाट आहे का, ते पाणसळ लावून तपासलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोन बोटं कमी.

"पण मावशी," थोरला हळूच म्हणाला, "एका माणसाच्या वजनाने पाटे एवढे दबत नाहीत."

नाहीच दबत. मी तीस वर्षं काचा भरल्यात, मला कोणी शिकवायला नको. दोन बोटं दबायला माणूस लागतो आणि त्याच्या हातात चौदा काचा लागतात.

ताडपत्री नीट टाक रे. हळू.