मायची साक्ष

दार तेवढं लोटून घ्या रे, आणि बसा. ही गोष्ट ऐकीव नाही. आमच्या धरणगावात मोटारी-इंजिनं दुरुस्त करणारा तोताराम होता, त्यानं स्वतः मला सांगितलेली आहे. आणि तोताराम काही जास्तीचा शब्द बोलणारा माणूस नव्हता.

सत्त्याऐंशी साल. नोव्हेंबरची वीस तारीख, शुक्रवार, अमावस्या लागलेली. तोताराम संध्याकाळच्या एस्टीनं सुकदेव नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या गावी निघाला. जानेवारीत त्यानं आपलं ऑइल इंजिन सुकदेवला सहा हजारांत दिलं होतं. दोन रोख, चार पुढचा कापूस विकल्यावर. वीस वर्षांची ओळख, कागद कशाला करायचा? सुकदेवची आई भिकुबाई तेव्हा तिथंच शेंगा फोडत बसली होती. फाल्गुनात ती वारली. कापसाची पहिली वेचणी विकली गेली, तरी सुकदेव फिरकेना. इकडे तोतारामच्या बायकोचं, प्रमिलाबाईचं, पिशवीचं ऑपरेशन सोमवारी जळगावला ठरलेलं. आता थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सुकदेव घरी एकटाच होता, बायको जामनेरला माहेरी. त्यानं चहा केला, घरची चौकशी केली. पैशाचा विषय निघाल्यावर मात्र म्हणाला, इंजिन दोन हजारांनाच ठरलं होतं, ते मी दिले. तोतारामनं त्या दिवसाची आठवण करून दिली, प्रमिलाबाईचं सांगितलं, हातसुद्धा जोडले.

“कागद शे का तुनापान?” सुकदेव म्हणाला. तोतारामकडे कागद कुठला असणार?

“माय समोर बठेल व्हती. तिनी ऐकं.”

सुकदेव हसला. “मंग तिलेच इचार.”

तोताराम उठला. शेवटची गाडी गेलेली. जावं कुठं, घरी सांगावं काय... समोर भिकुबाईची खोली होती. ती गेल्यापासून बंद. बाहेरून कुलूप, किल्ली सुकदेवच्या करगोट्याला. तोताराम म्हणायचा, मला राग नव्हता, चेष्टाही नव्हती, कुणाला तरी विचारायचंच होतं. तो त्या दारापाशी गेला.

“माय... तू ऐकं ना?”

काही नाही.

लाईट गेली नव्हती. बल्ब नीट जळत होता. बाहेर कुत्रंही भुंकेना. सुकदेवचं हसू तसंच तोंडावर.

मग आत कोणीतरी खाकरलं.

म्हाताऱ्या माणसाचं खाकरणं. दाराच्या अगदी जवळ. फळीला ओठ टेकवल्यासारखं.

“सुकदेव...”

दोघंही हलले नाहीत.

“मी ऐकेल शे.”

बस. एवढंच.

सुकदेवनं कपाट उघडलं. मोजायला थांबला नाही. सगळं बंडलच पुढं केलं. तोतारामनं आपले चार हजार घेतले, उरलेले खाली ठेवले.

ऑपरेशन वेळेवर झालं, प्रमिलाबाई हिंडू-फिरू लागल्या. सुकदेव मात्र पुढं माणसांत फारसा बोलला नाही. कोणी हाक मारली की आधी मागं वळून बघायचा. पण ते नंतरचं.

त्या रात्री दोघं ओट्यावर बसून राहिले. उजाडल्यावर सुकदेवनं कुलूप काढलं. आठ महिन्यांचा गंज, किल्ली फिरेना.

खोली रिकामी होती.

जमीन सारवलेली. ओली.

सारवणारं माणूस भिंतीपासून मागं सरत दाराशी येतं, ठाऊक आहे ना? इथं बोटांचे फराटे उंबऱ्यापासून सुरू झालेले. आत आत जात पलीकडच्या कोपऱ्यात संपलेले. खोलीला खिडकी नव्हती.

आणि त्या ओल्या सारवणावर... पाऊल एकही नव्हतं.