नऊ रांगा

कुणी "काय चाललंय?" विचारलं की पॅथॉलॉजिस्ट म्हणायचा, "मेलेले डोळे मोजतोय." लोक हसायचे. त्याने मात्र एकतीस वर्षं खरोखर तेच केलं होतं. रेटिना, म्हणजे डोळ्यातला पडदा, का झडते याचा शोध! हाती आलं धुपाटणं. बरोबरीचे विभागप्रमुख झाले आणि हा अजून तळमजल्यावर, गळक्या बेसिनशेजारी, एका नळीच्या जुन्या मायक्रोस्कोपला चिकटलेला.

सुरुवात त्याच्या आईपासून झाली. ती आंधळी होऊन वारली आणि तिच्या डोळ्याची स्लाइड त्याने स्वतःच्या हातांनी केली. निरोगी डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशींच्या नऊ रांगा सहज भरतात. आईच्या डोळ्यात एकच उरली होती, तीही फाटकी. दर सोमवारी कामाआधी तो ती स्लाइड बघायचा. सवयच ती.

एका सोमवारी दोन भरल्या.

"चष्मा बदला," बायको म्हणाली. त्याने बदलला. पुढच्या महिन्यात तीन. रसायनात मुरलेली, काचेवर चिकटवलेली पेशी वाढेल कशी? छे, शक्यच नाही! पण पाच झाल्या तेव्हा त्याने शोधनिबंध लिहायला घेतला. आता बघतोच एकेकाला, तो दातओठ खात म्हणाला.

त्याच सुमारास लेक दाराच्या चौकटीला धडकू लागली. ती घड्याळं दुरुस्त करायची. चिमट्याने बारीकसा स्क्रू उचलणारी पोरगी आता चहाचा कप चाचपत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या रिपोर्टात पडद्याची जाडी होती, तिच्यावरून त्याने हिशेब केला. तिच्या डोळ्यात जेमतेम चार रांगा उरल्या होत्या.

चार आणि पाच. ही बेरीज त्याला कुणी शिकवायला नको होती. न राहवून त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"फोडून टाका ती काच," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"फोडतो. निबंध तेवढा छापायला जाऊ दे."

"अहो, पोटची पोर आहे ती!"

"एक आठवडा गं."

एकाचे सहा आठवडे झाले. स्वतःची लाज वाटायची त्याला. पण सोमवार आला की पाय तिकडेच वळायचे.

लेकीने घड्याळांच्या दुकानाला कायमचं कुलूप लावलं, त्या दुपारी मात्र तो हातोडी घेऊनच लॅबमध्ये शिरला. फोडायचीच. फक्त शेवटचं एकदा बघू, म्हणून त्याने डोळा लावला.

नऊ. टवटवीत.

फोन वाजला. नजर न हलवता त्याने स्पीकर लावला.

"बाबा, सकाळपासून सगळा अंधार होता. आत्ता दिसतंय काहीतरी!"

"काय दिसतंय, बाळा?"

"गोल उजेड. आणि वर एक डोळा. केवढा मोठा! पापणी लवतेय त्याची."

हातोडी हातातच राहिली. आता फोडली तर तिच्याजवळ तेवढंही उरणार नव्हतं.

त्याने श्वास रोखला. डोळा ताणून उघडा धरला.

"आता नाही लवत," लेक म्हणाली.