पूर्वेच्छा

रेवा गावंडेच्या घरात पाणी मागावं लागत नसे. तिला तहान लागायच्या बेतात असतानाच आईच्या मोबाइलवर पेल्याचं चित्र उमटायचं आणि आई पेला भरून तिच्यापुढे धरायची. पोळीचं, पांघरुणाचं, पंख्याचं, मोरीचंही तसंच. सात वर्षांची ही मुलगी स्वमग्न होती आणि बोलत नव्हती. पण आता बोलण्याची गरजही कुणाला भासत नव्हती.

अमरावतीत त्या वर्षी अशी आठ-दहा घरं तरी असतील. मुलाच्या कपाळावर रुंद रिबिनीसारखी पट्टी बांधायची आणि तिने मेंदूतली 'पूर्वेच्छा' टिपायची. माणसाला आपल्याला काय हवंय हे कळण्याच्या किंचित आधीच मेंदूत त्या इच्छेची जुळवाजुळव सुरू झालेली असते. विचार डोक्यात येण्याआधीच हात उचलायची तयारी झालेली असते. त्या तयारीला शास्त्रज्ञांनी हे नाव दिलं होतं. पट्टी ती ओळखायची आणि चित्र करून पाठवायची.

पट्टी येण्याआधीचे दिवस आईला, वैजयंतीला, आठवायलाही नको वाटत. रेवा मनगटं चावायची, ताटं भिरकावायची, दारावर डोकं आपटायची. खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारायचे, "मुलीला मारता का हो तुम्ही?" पट्टी आली आणि पंधरवड्यात चावणं थांबलं. मनगटांवरचे वण पुसट झाले. वैजयंती पुन्हा कॉलेजात शिकवायला जाऊ लागली. सासूबाई सगळ्यांना सांगत, "आमची रेवा किती शहाणी झाली." अशी दोन वर्षं गेली.

मग अचलपूरला वैजयंतीच्या मामेभावाचं लग्न निघालं. फोटो काढायच्या वेळी तिने रेवाच्या कपाळावरची पट्टी सोडून पर्समध्ये टाकली. काढायचं काही कारण नव्हतं, फक्त फोटोत ती दिसू नये एवढंच. नंतर पंगती उठल्या, पाहुणे भेटत राहिले आणि पट्टी पर्समध्येच राहिली.

रेवा दिसेनाशी झाली तेव्हा सगळं कार्यालय तिला शोधायला लागलं. मुकुंद, तिचा बाबा, मोटारसायकल घेऊन एसटी स्टँडपर्यंत जाऊन आला. वैजयंती हाका मारत कोठीच्या खोलीवरून दोनदा गेली. खोलीला बाहेरून कडी होती, म्हणून तिने ती उघडून पाहिली नाही. अखेर आचाऱ्याला पत्रावळी हव्या होत्या म्हणून त्याने ते दार उघडलं.

रेवा तांदळाच्या पोत्यावर बसली होती; ती आत असतानाच कुणीतरी न बघता बाहेरून कडी घातली होती. फ्रॉक ओला झाला होता, ओठ सुकून पांढरे पडले होते. भर उन्हाळ्यातली दुपार तिने त्या पत्र्याच्या खोलीत काढली होती. बाहेरून तिच्या नावाच्या हाका ऐकू येत होत्या आणि तिने दारावर साधी थाप मारली नव्हती. ती रडलीही नव्हती. आई आत आली तेव्हा तिने मान वर केली आणि हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली, आता पाणी येईलच अशा भरवशाने.

"ही तर दारं फोडायची, डॉक्टर," वैजयंती म्हणाली. नागपूरला डॉ. लांजेवारांच्या समोर ती बसली होती. पट्टी बनवणाऱ्यांपैकी ते एक. "मग त्या दिवशी का नाही वाजवलं?"

"ती वाट बघत होती," ते म्हणाले. "ताई, ही पट्टी आम्ही अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी केली होती, ज्यांना बोटही हलवता येत नाही. मुलांना ती लावायची असं कुणीतरी सुचवलं आणि आम्ही हो म्हणालो. तहान लागणं आणि पाणी मिळणं यांच्यामध्ये थोडा वेळ जातो ना? त्या वेळात मूल ओढतं, रडतं, बोट दाखवतं. आपल्याला हवंय ते दुसऱ्याला कळवावं लागतं, हे त्याला तिथेच समजतं. आम्ही तो वेळच काढून टाकला. तुमच्या मुलीला वाटतं, हवंसं झालं की जगाला आपोआप कळतं."

"पण ती चावायची हो."

"चावायची. मागायचं कसं हे माहीत नव्हतं, म्हणून चावायची. त्यावर काम करता आलं असतं." ते जरा पुढे झुकले. "एक विचारू? तिला तहान लागली की चेहरा कसा होतो तिचा?"

वैजयंतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पूर्वी तिला ते माहीत होतं. कान चोळायची की टाचा उचलायची, काहीतरी होतं. दोन वर्षं ती मोबाइल बघून पाणी देत आली होती.

"नाही आठवत," ती म्हणाली. मग खाली बघत पुढे म्हणाली, "मला बरं वाटत होतं, डॉक्टर. घर शांत होतं. ती अगदीच काही सांगत नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. पण शांत होतं."

डॉक्टरांनी मान हलवली, पण तिची समजूत घातली नाही.

पट्टी कपाटात गेली. पाण्याचा जग दिसेल, पण हाताला येणार नाही असा ठेवायचा आणि रेवाने कसलीही खूण केली की लगेच द्यायचं. खूण नाहीच केली तरी तहानलेलं मात्र ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिले काही दिवस रेवा पाण्याच्या जगाकडे बघत नुसती बसायची. मग तिने पुन्हा मनगट चावलं. वैजयंतीने पट्टी बांधली, ती कापडाची.

"लाव ना परत ते यंत्र," मुकुंद म्हणाला. "रक्त निघतंय गं तिचं."

"चावतेय म्हणजे नुसतं बसून राहणं सोडलंय तिने, असं डॉक्टर म्हणतात."

"डॉक्टरांची मुलगी नाही ती."

तिलाही कपाट उघडावंसं वाटत होतं, रोज.

एका दुपारी रेवा आपणहून तिच्याजवळ आली. तिच्या हातात आईचा मोबाइल होता. तिने तो वैजयंतीच्या मांडीवर ठेवला. वैजयंतीने तो बाजूला ठेवला आणि हळूच विचारलं, "काय हवंय बाळा? दाखव मला."

रेवाने मोबाइल परत मांडीवर ठेवला. मग जखमेवर कापड बांधलेल्या हाताने आईची हनुवटी धरली आणि तिचा चेहरा खाली, मोबाइलकडे वळवला. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच आईच्या चेहऱ्याला हात लावत होती.

मोबाइल बंद होता. वैजयंतीला हळूहळू उमगलं. पट्टीचं रेवाला काही ठाऊक नव्हतं. तिने एवढंच पाहिलं होतं, की आई इथे बघते आणि मग पाणी देते. आईला पाणी देता यावं म्हणून ती आईला बघायला लावत होती.

वैजयंतीने त्या काळ्या काचेकडे बघितलं. हनुवटीवरची बोटं सुटली तेव्हा ती उठली आणि तिने पेला भरून दिला. रेवा घटाघटा प्यायली.

संध्याकाळी चपला काढता काढता मुकुंदने विचारलं, "केली का आज काही खूण?"

"हो. पाणी मागितलं."

"खरंच? कसं मागितलं?"

तो आनंदाने जवळ येऊन उभा राहिला होता. लेकीच्या लेखी आई मोबाइल बघितल्याशिवाय पाणी देऊ शकत नाही, हे वैजयंतीला सांगता येईना.